बारीक भावंड पाहिजे

मन्नाएखेळ्ळी
१० जून २०२४

सुधा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फेकून देऊ नकोस. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून पोस्टानं लिहायलेय. तीन वर्षांत दिवाळीला फोन नाही, पंचमीला नाही, आणि आता लिहायला बसले तेही अशा कामासाठी की वाचून तुला ओकारी येईल. हा शब्द चुकून आला. खोडत नाही.

मला तुझी शी पाहिजे. डबीत भरून.

चेष्टा न्हाई. माझं वजन एकशे चार किलो झालंय. गुडघे गेले, साखर काठावर आली. कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात विजयश्री म्हणून डॉक्टरबाई आहेत, त्या जाड माणसांच्या पोटातल्या जंतूंचा अभ्यास करायल्यात. साठ माणसं घेतलीत. निम्म्यांनी बारा आठवडे रोज मूठभर बदाम, अक्रोड, पिस्ते खायचे, निम्म्यांनी काहीच वेगळं खायचं नाही, आणि शेवटी कुणाच्या पोटातले जंतू किती बदलले ते बघायचं. ते जंतू शीमध्ये दिसतात. म्हणून आधी एक डबी, मध्ये एक, शेवटी एक.

मला बदामाच्या गटात टाकलं. घरात मालक, म्हणजे आमचे सोमशेखर, म्हणाले, "फुकटचे बदाम हायत, सोडू नको." त्यांना डबीचं माहीत नव्हतं. झाकणालाच चमचा असतो, आईस्क्रीमच्या कपाला असतो तसा. एका हातानं भिंत धरायची, दुसऱ्या हातानं तो चमचा, आणि मधे हे एवढं पोट. आपलं आपल्यालाच दिसत नाही. दोन वेळा हात भरला. साबणानं धुतला, राखेनं धुतला, दिवसभर आमच्या हॉटेलात मिरची भजी काढताना नाकाशी नेऊन बघत होते.

डबी सोमवारी भरली, दवाखाना मंगळवारचा. तीन पिशव्यांत बांधून फ्रिजमध्ये मागं ठेवली. सासूबाई दही काढायला गेल्या. तुला माहीतच आहे आमच्या मल्लम्मा किती सोवळ्याच्या, लिंगपूजेशिवाय पाणी घेत नाहीत. म्हणाल्या, "नेत्रा, हे लोणी कधी काढलीस?" मी खरं सांगितलं. दही, लोणचं, ताक, कापलेला नारळ, सगळं मोरीत गेलं. आठ दिवस त्यांनी फ्रिजकडं पाठ करून जेवण केलं.

आता तुझं काम. ज्याला सख्खं बारीक भावंड आहे त्याच्या भावंडाचीही एकदा डबी पाहिजे. एका आईच्या पोटची, एका चुलीवरचं खाऊन वाढलेली दोन माणसं, एक अशी आणि एक तशी कामून, हे त्यांना बघायचंय. डॉक्टरबाईंनी विचारलं, "बारीक भावंड आहे का?" माझ्या तोंडून आधी "न्हाई" गेलं. मग म्हणाले, "हाय. धाकटी. हैदराबादला. पंचेचाळीस किलो." तुझं वजन मला कामून पाठ आहे ते विचारू नकोस.

डबी, बर्फाची पेटी सगळं तेच पाठवतात, माणूस घरी येऊन नेतो. मला तोंड दाखवायला नको तुला. तुझ्या गृहप्रवेशाला तू मला काय म्हणालीस ते मी विसरलेय असं समजू नकोस. पण ते आता बाजूला ठेव.

नेत्राअक्का


४ जुलै

सुधा,

तुझं कार्ड मिळालं. एक ओळ. "पुन्हा लिहू नकोस, तुझी किळस येते." पोस्टमन भीमण्णा रोज चहाला थांबतो, काल माझ्याकडं न बघता कार्ड गल्ल्यावर ठेवून गेला, म्हणजे त्यानंही वाचलं.

किळस येते ना? मग नीट घे.

पोटाची घडी असते, तिच्याखाली उन्हाळाभर घाम साचतो, कातडी सोलते. पावडर टाकली की तिची कणीक होते. संध्याकाळी ती बोटानं काढायची. वास येतो, आंबलेल्या पिठाचा. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली बाई दोन स्टॉप झाले की उभी राहते. हॉटेलात लातूरकडचे गाडीवाले येतात, चुरमुऱ्यांचा सुसला खातात, आणि एक दुसऱ्याला म्हणतो, "मालकीणच सगळं संपवत असंल, आपल्याला काय उरतंय!" मी त्यांनाच वाढते. पैसे घेते. ताटं उचलते. त्या ताटांत त्यांनी चावून टाकलेली मिरचीची देठं असतात, त्यांची मला किळस येत नाही. माझी येते.

तुझ्या घरी ती प्लास्टिकची खुर्ची मोडली तेव्हा मी खाली पडले, पातळ मांडीपर्यंत वर. सगळे हसले. हसू दे. तुझ्या त्या दोन मैत्रिणींनी विचारलं, "कोण ह्या?" आणि तू म्हणालीस, "गावाकडच्या आहेत, स्वयंपाकाच्या मदतीला बोलावलंय." मी उठेपर्यंत हात दिला नाहीस. बहीण म्हणायला तुझी जीभ जड झाली, आणि किळस येते माझी!

बदामाचं सांगते. पहिले चार दिवस वाटलं, राणीसारखं जगणं आहे. आठवा दिवस आला आणि तोंडात लाकडाचा भुसा. अक्रोडाची साल दाढेला चिकटते, जिभेवर कडूपणा राहतो. पोट नगाऱ्यासारखं वाजतं. मालकांनी अंथरूण ओसरीत नेलं. डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत, मला बरं वाटलं. म्हणाल्या, "बदामातला चोथा तुम्हाला पचत नाही, तो खाली मोठ्या आतड्यात जातो. तिथल्या जंतूंचं ते जेवण. तुमचं जे उरतं त्याच्यावर ते जगतात. काही ठिकाणच्या अभ्यासांत असं दिसलंय की सुका मेवा खाल्ला की आतड्याला उपयोगी असे काही जंतू वाढतात. काही ठिकाणी फरकच दिसला नाही. आम्हाला इथलं बघायचंय, ज्वारी-तुरीवर वाढलेल्या माणसांचं."

मी विचारलं, "मग मी बारीक होईन का?"

"त्यासाठी हा अभ्यास नाही," म्हणाल्या. सरळ बाई आहे.

तुझी डबी मागायला मी परत लिहायले नाही. तुझ्या कार्डाला उत्तर दिलंय.

नेत्रा


२८ जुलै

सुधा,

काल मधली डबी देऊन आले. तिथं एक बाई प्रश्न विचारून कागद भरत होती. "लहानपणी जेवण कसं होतं?" मी म्हणाले, "सगळ्यांसारखं." "भूक जास्त होती?" "न्हाई." तिनं तसंच लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये मला माझीच शिसारी आली. साठ माणसांच्या अभ्यासात एक खोटं घुसडून आले होते. आणि खिडकीबाहेर बघत बसले तर डॉक्टरबाईंचं ते वाक्य डोक्यातून जाईना, उरलेल्यावर जगणाऱ्यांचं.

माहेरी मेहकरला आपण दोघी एका ताटात जेवायचो. अव्वा वाढून चुलीकडं वळली की तू तुझी भाकर मोडून माझ्याकडं सारायचीस. तू नऊची असशील, मी बाराची. मी एकदासुद्धा विचारलं नाही, कामून म्हणून. खायचे. तुझी पुरणपोळी, तुझ्या वाटणीचं तूप, तुझ्या दुधावरची साय. अव्वा शेजारी सांगायची, "सुधाचं खाणं चिमणीचं, नेत्रीचं म्हशीचं." मी ऐकून रडायचे, आणि दुसऱ्या दिवशी तुझा हात माझ्याकडं यायची वाट बघायचे.

मग ती वेळ अमावस्या, शेतात पूजा करून जेवतात ती. तू सतराची. आदल्या आठवड्यात तुला बघायला माणसं आली होती आणि "पोरगी शेलाटी हाय" म्हणून खूश होऊन गेली होती. शेतात सगळे गोल बसलो. तू त्या दिवशी सगळं खाल्लंस, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबिलाचे दोन लोटे. अप्पा म्हणाले, "आज पोरीनं पोट भरून खाल्लं बघ." मग तू ज्वारीत शिरलीस. बराच वेळ झाला म्हणून मी मागं आले. तू गुडघ्यावर होतीस. तो आंबट वास मला आजही आंबिलाला येतो, मी आंबिल सोडलंय. पायानं माती ओढली, त्याच्यावर टाकली, ओढणीनं तुझं तोंड पुसलं, आणि परत येऊन सांगितलं, "सुधाला पित्त झालंय."

त्यानंतर आपली लग्नं होईपर्यंत किती वेळा माती टाकली, सांगता येणार नाही.

आता जे लिहायचंय ते लिहिते. तुझ्या ओकण्याची मला किळस यायची, पण तुझ्या उष्ट्याची कधी आली नाही. मी अव्वाला सांगितलं असतं तर ती ताट तुझ्यापुढं ठेवून तू खाईपर्यंत बसली असती. मग माझ्याकडं काय आलं असतं? वीस वर्षांची घोडी होते मी, कळत होतं मला. तू वाळत होतीस आणि मी त्याच्यावर वाढत होते. आणि सगळं गाव तुला म्हणायचं, काय बांधा आहे पोरीचा.

खुर्चीचं मी तुला मागच्या पत्रात लिहिलं. अर्धं लिहिलं. पुढचं तूही जाणतेस, मीही जाणते, पण कागदावर यायला पाहिजे. खुर्ची मोडल्यावर मी तुझ्या स्वयंपाकघरात आले. तुझ्या सासूबाई होत्या, दोन जावा होत्या, तुझे मालक मृत्युंजय पाण्याचा जार घेऊन दारात होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी खाल्लेलं पोटात तरी ठेवते. हिच्यासारखं संडासात नेऊन ओकून येत न्हाई. विचारा हिला, रोज करती." तुझं तोंड पांढरं पडलं. आणि मला बरं वाटलं, सुधा. बसवण्णाची शपथ, पोट भरल्यासारखं बरं वाटलं.

डबी नको. मी डॉक्टरबाईंना सांगते, बहीण देत नाही. लहानपणाचा कागदही परत खरा भरून देणार आहे. तू मात्र कुठल्या तरी डॉक्टरला दाखव. माती टाकायला मी आता तिथं नाही, आणि ते बरंच आहे.

नेत्रा


२१ ऑगस्ट

सुधा,

पंचमीला तू न सांगता आलीस, हातात ती बर्फाची पेटी. मी तुझं नाव आणि पत्ता दिला होता तो त्यांनी रद्द केलाच नव्हता. दारात उभी राहून म्हणालीस, "कुठं द्यायची असती ही?" बाकी काही नाही. तीन वर्षांनी भेटलेल्या दोन बहिणींचं पहिलं बोलणं हे. मल्लम्मांनी पेटी बघितली आणि कपाळाला हात लावला, "आता हिची पन व्हय?"

मधलं तुला माहीत आहे. पण दाराच्या अलीकडं काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहायलेय.

जेवताना तू तीन भाकरी, उसळ, लाह्यांचे चार लाडू खाल्लेस. मल्लम्मा खूश होऊन वाढत होत्या. मी तुझ्या हाताकडं बघत होते. तू उठून परसातल्या मोरीत गेलीस, नळ सोडलास. मी मागं आले. चार वर्षांत मी जमिनीवर बसलेले नाही, त्या दिवशी बसले, दाराला पाठ लावून. मला तुला हाक मारायची होती. पण आधी मी दोन्ही कान बोटांनी बंद केले. ऐकवेना. नळाच्या आवाजाखालून येतच होतं. मग बोटं काढली, म्हटलं आता तरी ऐक. माझ्याच घशाशी आलं, पदर तोंडात कोंबला. तेव्हा तुला कळलं कुणीतरी आहे.

"अक्का, तिकडं जा."

"न्हाई जात."

"तुला किळस यील."

"यायलीच हाय. तरी बसले."

मग नळ बंद झाला. बाहेर आलीस, डोळे लाल, बोटाच्या मागं दातांचे वळ. म्हणालीस, "ऊठ आता." आणि मला उठता येईना. तू दोन्ही हातांनी ओढलंस, पंचेचाळीस किलोची तू, आणि घसरून माझ्या अंगावर पडलीस. तुझ्या तोंडाचा तो वास आणि माझ्या घामाचा, दोन्ही एकदम. मला वाटलं तू तोंड फिरवशील. तू तशीच पडून राहिलीस. मल्लम्मांनी येऊन आम्हा दोघींना बघितलं आणि मालकांना हाक मारली, "सोमू, अरे बायका पडल्यात, ये लवकर!"

त्यानंतर कलबुर्गी. मला वाटलं तू पेटी देशील आणि हैदराबादची बस धरशील. तू आत गेलीस, मी बाहेर बाकावर. डॉक्टरबाई तेच नेहमीचे प्रश्न विचारत होत्या, काही आजार, काही औषध. दार अर्धवट उघडं होतं. त्यांचा आवाज आला, "किती वर्षं?" मग तुझा, "बावीस." मी बाकाची कड धरली.

थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "नेत्रावती, तुमच्या बहिणीची डबी आम्हाला चालणार नाही. भावंड निरोगी लागतं."

जन्मभर मला कुणी निरोगी म्हणालं नाही, आणि तुला सगळे म्हणत आले. अव्वा, अप्पा, सोयरे, तुझ्या मैत्रिणी. मी सुद्धा, मनात. त्या एका वाक्यानं मला सगळ्या घराचा राग आला. एकीला म्हैस म्हणून हिणवलं, दुसरीच्या मरणाला बांधा म्हणून ओवाळलं.

रक्त तपासलं, पोटॅशियम इतकं कमी की त्यांनी तुला घरी सोडलं नाही. "हृदयाला धोका आहे," म्हणाल्या, आणि मानसोपचारवाल्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला. मृत्युंजय धावत आले. मला वाटलं माझ्यावर ओरडतील. ते सलाईनकडं बघत म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी तुम्ही बोललात तेव्हा मी आईला सांगितलं, जाड बाई आहे, जळतेय. मला तेच मानायचं होतं."

गोळ्या चुकवू नकोस. माझे बदाम अजून पंधरा दिवस आहेत.

नेत्राअक्का


२२ जानेवारी २०२५

सुधा,

डिसेंबरपर्यंत रोज फोन होता, आता आठ दिवस उचलत नाहीस, म्हणून परत पोस्ट.

आधी माझं सांगते. सोमवारी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बोलावून अभ्यासाचं सांगितलं. बदाम खाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या पोटात चोथा खाऊन आतड्याला उपयोगी आम्ल बनवणारे काही जंतू वाढलेले दिसले. माझ्यात वाढले. माझ्या शेजारी बसणारे निंबर्ग्याचे सिद्धेश्वर मास्तर, त्यांनी एक बदाम चुकवला नाही, त्यांच्यात काहीच नाही. वजन कुणाचं फारसं हललं नाही, एवढं तेलकट खाऊन वाढलंही नाही. माझं एकशे तीन. "हे औषध नाही," त्यांनी दोनदा सांगितलं, "साठ माणसांवरून सगळ्यांचं सांगता येत नाही. आणि खाणं थांबल्यावर ते जंतू टिकतात का, तेही माहीत नाही." मास्तर चिडले, "मग एवढं हागून आम्हाला काय मिळालं?" सगळे हसले. मी पण. मला आता बदाम दिसला तरी ढेकर येतो. पण भाकर मी माझ्या भुकेची खायले, हे मात्र होतंय कधी कधी. सगळे दिवस नाही.

काल मृत्युंजयांचा फोन आला. संक्रांतीपासून परत सुरू झालंय म्हणाले. तिळाच्या पोळ्या. तू त्यांना म्हणालीस म्हणे, "अक्काला सांगू नका, तिला वाटंल सगळं वाया गेलं."

तीन डब्या भरण्यात माझी लाज गेली, त्यातून निघालं काय तर 'अजून माहीत नाही.' मला वाया जाण्याचं भय घालू नकोस.

त्यांनी अजून एक सांगितलं. तुमच्या डॉक्टरनं सांगितलंय की जेवणानंतर तासभर कुणीतरी तुझ्याजवळ बसलं पाहिजे. ते कामावर असतात, आणि तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्यानं न्हाई होणार, घाण वाटती." त्यांना दोष देत नाही. मलाही वाटते.

म्हणून मी शनिवारी येतेय. हॉटेल महिनाभर मालक आणि मल्लम्मा बघणार आहेत. मल्लम्मांनीच सांगितलं, "जा तू. तिला माझ्या हातचं आवडलं होतं, ते तिच्या पोटात ऱ्हायला पाहिजे." आल्यावर मी आधी तुझ्या सासूबाईंना भेटणार. त्यांच्या त्याच स्वयंपाकघरात उभी राहून सांगणार की मी बोलले ते खरं होतं, पण मी ते तुला वाचवायला नाही, तुला खाली पाडायला बोलले. तू बाहेर जाऊन बसलीस तरी चालेल. मला तुझ्यापुढं नाही, त्यांच्यापुढं म्हणायचंय.

मग बसेन. सकाळी तासभर, दुपारी तासभर, संध्याकाळी तासभर. तू शिव्या दे, टीव्ही लाव, भिंतीकडं तोंड कर. माझी किळस गेलेली नाही, सुधा, खोटं कशाला सांगू. त्या वासाची येते, चालताना माझ्या मांड्या घासतात त्याची येते, आपल्या दोघींना असं वाढवलं त्याची सगळ्यात जास्त येते. ती गेल्यावर येईन म्हटलं तर तोवर तू राहायची नाहीस.

सकाळच्या बसनं निघते, एकपर्यंत पोचेन. जेवायला थांब.

नेत्राअक्का